आपले सुख कोणाच्या श्रमावर?

जुने दिवस बरे होते की हल्लीचे बरे आहेत, हा वाद जितका जुना तितकाच नित्य नवा आहे. गावच्या पारावर दोन वृद्ध बसले म्हणजे पूर्वीचे धान्य कसे कसदार होते, पूर्वीची माणसे शब्दाला कशी जागत, आणि एका छपराखाली वीस माणसे कशी सुखाने नांदत, असे बोलणे निघते. तेच बोलणे एखाद्या शिकलेल्या तरुणाच्या कानी पडले म्हणजे तो म्हणतो, ''आजोबा, तेव्हा देवीच्या साथीत किती लेकरे गेली, तेही सांगा की.'' दोघांचे बोलणे आपापल्या परीने खरे असते, आणि म्हणूनच या वादाचा निकाल कधी लागत नाही. आमच्या मते प्रश्न निराळ्या रीतीने विचारला पाहिजे. दिवस बदलले ते कोणी व कशाने बदलले, आणि त्या बदलाची किंमत कोणी भरली, असे विचारले तर काही उपयोगी उत्तर हाती लागण्याचा संभव आहे.

या विचारासाठी आम्ही इंग्लंड देशाचे उदाहरण घेतो. तेथे व्हिक्टोरिया राणीने १८३७ पासून १९०१ पर्यंत राज्य केले. हे नाव आमच्या वाचकांस अपरिचित नाही. 'राणीछाप रुपया' हा शब्द जुन्या माणसांच्या तोंडी असे. मुंबईत घोडागाडीस 'व्हिक्टोरिया' म्हणत. आणि तेथील मोठे रेल्वे स्थानक १९९६ पर्यंत त्याच नावाने ओळखले जाई. परंतु राणीच्या वैभवाविषयी आम्हांस येथे काही सांगावयाचे नाही. तिच्या राज्यातील साधा मजूर, त्याची बायको व त्याची मुले कशी राहत, हे पाहावयाचे आहे. इंग्लंडचेच उदाहरण घेण्याचे कारण असे की, त्या देशात १८३७ सालापासून जन्म, विवाह व मृत्यू यांची सरकारी नोंद होऊ लागली, आणि सरकारी चौकशी समित्यांनी गिरण्यांतील व खाणींतील माणसांच्या जबान्या लिहून घेतल्या. त्यामुळे गरिबाचे हाल तेथे कागदावर उतरले, आणि जे कागदावर उतरले ते सहसा नाकारता येत नाही.

त्या काळी शहरातील गरीब मजुराचे बिऱ्हाड म्हणजे बहुधा एक किंवा दोन खोल्या. पाणी घरात नसे. गल्लीतल्या एका नळावर सारी वस्ती अवलंबून असे, आणि तो नळही पुष्कळ ठिकाणी थोडाच वेळ चाले. पहाटे उठून बाईने कालच्या कोळशाची राख काढावी, नवा विस्तव करावा, पाण्याच्या बादल्या जिन्याने वर न्याव्या व सांडपाण्याच्या बादल्या खाली आणाव्या. सोमवार हा धुण्याचा वार. त्या दिवशी पाणी आणणे, तापवणे, कपडे उकळणे, लाकडी दांड्याने घुसळणे, पिळणे व वाळत घालणे यांत सारा दिवस जाई, आणि पाऊस लागला तर ओले कपडे त्याच खोलीत दोरीवर लोंबत. उजेडासाठी मेणबत्ती किंवा तेलाचा दिवा. यंत्रात पेनीचे नाणे टाकून घरात गॅस घेण्याची सोय गरिबास सुमारे १८९० नंतर मिळू लागली. आमच्या वाचक भगिनींस या श्रमाचे अधिक वर्णन करून सांगण्याची गरज नाही. ज्यांच्या डोक्यावर अद्याप हंडा आहे, त्यांस ते पुस्तकातून शिकावे लागत नाही.

आता मृत्यूची गोष्ट पाहू. त्या राज्यात जन्मणाऱ्या दर १००० बालकांपैकी सुमारे १५० पहिला वाढदिवस पाहत नसत. आज त्याच देशात हे प्रमाण हजारी सुमारे ४ आहे. १८४१ च्या सुमारास तेथे जन्मलेल्या मुलाचे सरासरी आयुर्मान ४० वर्षे व मुलीचे ४२ वर्षे होते; आज पुरुषांचे सुमारे ७९ व स्त्रियांचे सुमारे ८३ आहे. सरासरी ४० म्हणजे माणसे चाळिशीत म्हातारी होऊन मरत, असा अर्थ कोणी करू नये. जे बालपणातून तरून जात ते पुष्कळदा साठी-सत्तरी गाठत. सरासरी खाली ओढणारी होती ती पाळण्यातली मरणे. एका आईला पाच-सहा लेकरे व्हावी, आणि त्यांतली एक-दोन तरी तिने आपल्या हातांनी पुरावी, हे इतके नेहमीचे होते की शेजारीण त्याचे आश्चर्य मानीत नसे. आश्चर्य मानीत नसे, तरी दुःख कमी होते असे मात्र आम्हांस म्हणवत नाही.

जी मुले जगत, ती लवकर कामाला लागत. कापडाच्या गिरण्यांत लहान मुलांकडून रोज बारा-बारा तास काम घेतले जाई. १८३३ च्या कायद्याने नऊ वर्षांखालील मुलांस बहुतेक गिरण्यांतून बंदी केली, नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांस आठवड्यास ४८ तासांची मर्यादा घातली, आणि साऱ्या देशासाठी चार तपासनीस नेमले. कोळशाच्या खाणींत पाच-सहा वर्षांची पोरे अंधारात एका दाराशी बसून असत. गाडा आला की दोरीने दार उघडावे व गेला की लावावे, एवढेच त्यांचे काम. १८४२ साली चौकशीचा अहवाल चित्रांसह छापला गेला तेव्हा लोकांस धक्का बसला, आणि त्याच वर्षी स्त्रियांस व दहा वर्षांखालील मुलांस खाणीत उतरविण्याची मनाई झाली. १८४७ साली गिरणीतील स्त्रिया व अठरा वर्षांखालील मुले यांच्यासाठी दहा तासांचा दिवस ठरला. १८७० साली गावोगाव शाळा काढण्याचा कायदा झाला, १८८० साली शिक्षण सक्तीचे झाले, आणि १८९१ साली बहुतेक प्राथमिक शाळांतील फी उठली. दूर कामाला गेलेल्या मुलीचे पत्र पूर्वी आईला पैसे भरून सोडवून घ्यावे लागे. १८४० पासून एका पेनीच्या तिकिटावर ते देशात कोठेही जाऊ लागले. राणीच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, म्हणजे १९०९ च्या पहिल्या दिवसापासून, सत्तर वर्षांच्या गरीब वृद्धास डाकघरातून आठवड्यास पाच शिलिंगांपर्यंत पेन्शन मिळू लागले. त्यापूर्वी निराधार म्हाताऱ्यास दरिद्रगृहात जाण्याची धास्ती असे. तेथे गेलेल्या कुटुंबातील पुरुष, स्त्रिया व मुले यांची ताटातूट करीत, आणि त्या दाराची भीती गरिबास मरणाहून अधिक वाटे.

इतके सारे बदलले ते कशाने? बहुतेक लोक चटकन उत्तर देतात की यंत्राने. आगगाडी आली, नळ आले, विजेचा दिवा आला, आणि माणूस सुखी झाला. या उत्तरात सत्य आहे. पण ते अर्धेच आहे. गिरणीतले यंत्र आले तेव्हा त्याने मुलास घरी पाठविले नाही, उलट घरातून ओढून कामावर नेले. कारण तुटलेला धागा जोडण्यास बारीक बोटे बरी पडत. यंत्र हे बैलासारखे आहे. ते कोणत्या शेतात चालवावे हे ते स्वतः ठरवीत नाही. ही गोष्ट नीट समजावी म्हणून आम्ही धुराड्यांचा इतिहास थोडा विस्ताराने सांगतो.

इंग्लंडात थंडी फार. श्रीमंताच्या घरी प्रत्येक मोठ्या खोलीत शेकोटी असे, आणि तिचा धूर भिंतीतल्या अरुंद, वाकड्यातिकड्या धुराड्यातून वर जाई. त्यात काजळी साचली तर आग लागण्याचे भय. म्हणून ती वरचेवर झाडावी लागे. हे काम लहान मुलांकडून करवीत. मूल जितके लहान व हडकुळे तितके बरे. ते कोपर व गुडघे यांच्या आधाराने अंधारात वर चढे. कातडी निबर व्हावी म्हणून विस्तवाजवळ उभे करून त्याचे कोपर व गुडघे खारट पाण्याने चोळीत. कित्येक मुले धुराड्यात अडकून गुदमरून मेली. जी वाचली त्यांतील काहींस पुढे काजळीमुळे होणारा कर्करोग जडे. पर्सिव्हल पॉट नावाच्या शस्त्रवैद्याने त्या रोगाविषयी १७७५ सालीच लिहून ठेविले होते.

आता लक्ष देण्यासारखी गोष्ट ही की, या कामासाठी मुलाची गरजच नव्हती. जोडदांड्यांचा लांब ब्रश लंडनमध्ये १८०३ च्या सुमारासच तयार झाला होता, आणि त्याने बहुतेक धुराडी उत्तम साफ होत. कायदेही काही थोडे झाले नाहीत. १७८८ साली एक झाला, १८३४ साली दुसरा झाला, १८४० च्या कायद्याने एकवीस वर्षांखालील कोणासही धुराड्यात चढविण्याची बंदी केली, १८६४ साली शिक्षा वाढविण्यात आली. १८१९ साली आलेले एक बिल तर लॉर्डांच्या सभेने फेटाळून लावले. हे सारे होऊनही मुले चढतच राहिली. कारण काय? ब्रशाने गालिच्यावर काजळी पडते, वाकडे धुराडे नीट करण्यास गवंड्याचा खर्च येतो, आणि मूल स्वस्त पडते. ब्रश होता, कायदाही होता. पण ज्याच्या घरचे धुराडे झाडावयाचे होते त्याला आपला गालिचा अधिक प्रिय होता.

१८७५ च्या फेब्रुवारी महिन्यात केंब्रिजजवळ फुलबोर्न येथील एका रुग्णालयाच्या धुराड्यात जॉर्ज ब्रूस्टर नावाचा अकरा-बारा वर्षांचा मुलगा अडकला. भिंत फोडून त्यास बाहेर काढले, परंतु तो वाचला नाही. गिरणी व खाणीतील मुलांसाठी आयुष्यभर झटलेले लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनी त्याच वर्षी पार्लमेंटात नवा कायदा आणला. त्यात जुन्या कायद्यांहून एक गोष्ट अधिक होती. धुराडी झाडण्याचा धंदा करणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांकडून दरसाल परवाना घ्यावा, असे त्यात ठरले. म्हणजे कायदा पाळला जातो की नाही हे पाहणारा कोणी तरी नेमला गेला. त्यानंतर ही चाल बंद पडली. ब्रश तयार झाल्यापासून सुमारे ७२ वर्षे गेली होती. त्या ७२ वर्षांचा जाब यंत्राला विचारता येत नाही.

मग ती माणसे दुष्ट होती काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्या घरांतील पुष्कळांत रोज सकाळी मालक, मालकीण, मुले व नोकर एकत्र बसून प्रार्थना करीत. ती माणसे अनाथांस दान देत, आजाऱ्यांस सूप पाठवीत, आणि परदेशातील गुलामांच्या हालांविषयी ऐकून त्यांच्या डोळ्यांस पाणी येई. ज्या खोलीत प्रार्थना होई त्याच खोलीच्या धुराड्यात एक मूल रक्ताळलेल्या गुडघ्यांनी चढून गेले आहे, एवढेच त्यांस दिसत नसे. सवय ही अशी गोष्ट आहे की ती डोळे फोडीत नाही, फक्त मान दुसरीकडे वळविते. म्हणून त्या काळच्या लोकांस नावे ठेवून आपण मोठे होतो असे कोणी समजू नये. त्यांची मान वळविणारी सवय आपल्या ठायीही आहे.

दुसरे उदाहरण लंडनच्या पाण्याचे. त्या शहरात १८४८-४९ च्या पटकीत १४,००० हून अधिक माणसे मेली, आणि १८५३-५४ च्या साथीत १०,००० हून अधिक. १८५४ साली डॉक्टर जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीट नावाच्या रस्त्याभोवती कोण कोण मेले हे घरोघर विचारून शोधले. त्या भागात ६०० हून अधिक बळी गेले होते, आणि त्यांतील बहुतेक एकाच पंपाचे पाणी पीत होते. स्नो यांच्या सांगण्यावरून ८ सप्टेंबर रोजी त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोवर ओसरू लागली होती, तरी रोग पाण्यातून येतो याचा पुरावा लोकांपुढे आला. तथापि शहराची गटारे बदलण्याचे मोठे काम काही लगेच सुरू झाले नाही. १८५८ च्या कडक उन्हाळ्यात टेम्स नदीला इतकी दुर्गंधी सुटली की काठावरच्या पार्लमेंटात सभासदांस बसवेना. खिडक्यांचे पडदे औषधी चुन्याच्या पाण्यात भिजवून टांगले, तरी उपाय चालेना. तेव्हा मात्र थोड्याच आठवड्यांत कायदा झाला, पैसा मंजूर झाला, आणि जोसेफ बॅझलगेट या इंजिनियरने ८२ मैल लांबीची मोठी भुयारी गटारे बांधण्यास घेतली. १८६६ साली पटकी पुन्हा आली ती मुख्यतः शहराच्या पूर्व भागात, जेथे गरिबांची वस्ती होती व जेथले गटाराचे काम अपुरे राहिले होते. हजारो गरिबांच्या मरणाने जे झाले नाही, ते मोठ्यांच्या नाकापर्यंत घाण पोहोचल्याने झाले. यावरून हे शिकावे की, गरिबाचे दुःख दूर करण्यास त्या दुःखाचा वास सर्वांपर्यंत पोहोचविणे, हेही एक पुण्याचेच काम आहे.

तिसरे उदाहरण लहानशा आगकाडीचे. त्या काळी कोठेही घासली तरी पेटणारी स्वस्त काडी निघाली होती. तिच्या गुलात पांढरा फॉस्फरस असे, आणि त्याच्या वाफेने कारखान्यातील मुलींच्या जबड्याचे हाड कुजे. १८८८ साली लंडनच्या पूर्व भागातील एका कारखान्यात सुमारे १,४०० स्त्रिया व मुलींनी संप केला. त्यांची बाजू लोकांपुढे मांडणाऱ्या अ‍ॅनी बेझंट याच पुढे हिंदुस्थानात आल्या व १९१७ साली राष्ट्रीय सभेच्या अध्यक्षा झाल्या. दंड कापण्यासारख्या पुष्कळ तक्रारी संपाने दूर झाल्या. परंतु पांढरा फॉस्फरस राहिला. १८९१ साली मुक्तिफौजेने तांबड्या, निरुपद्रवी फॉस्फरसच्या काड्यांचा आपला कारखाना काढला व मजुरीही अधिक दिली. पण त्या काड्या महाग पडत. लोकांनी त्यांची स्तुती केली आणि खरेदी मात्र स्वस्त पेटीची केली. तो कारखाना १९०१ साली बंद झाला. पांढऱ्या फॉस्फरसवर बंदी घालणारा कायदा १९०८ साली मंजूर होऊन १९१० पासून अमलात आला, तेव्हा कोठे ही गोष्ट संपली. गिऱ्हाइकाची दया चांगली, पण ती बाजारात पोहोचेपर्यंत थकून जाते. म्हणून दयेला कायद्याची काठी लागते, आणि कायद्याला तपासनिसाचे डोळे लागतात.

हा सर्व इतिहास परक्या देशाचा म्हणून आपण दूर ठेवू नये, कारण त्याचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. मुंबईच्या कापडगिरण्यांतही मुले व स्त्रिया पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत राबत. १८८१ साली हिंदुस्थानासाठी पहिला कारखान्यांचा कायदा झाला. त्याने सात वर्षांखालील मुलांस कामावर घेण्यास बंदी केली व सात ते बारा वर्षांच्या मुलांस नऊ तासांची मर्यादा घातली. हा कायदा व्हावा म्हणून झटणाऱ्यांत मँचेस्टरचे गिरणीमालकही होते, आणि मुंबईचा माल महाग पडावा हा त्यांचा स्वार्थ त्यात होता. चांगले काम कधी कधी अशा मिश्र हेतूंनीही पुढे सरकते. परंतु मजुरांस हवी होती ती आठवड्याची विश्रांती त्या कायद्याने दिली नाही. ती मिळविण्यासाठी झटले ते नारायण मेघाजी लोखंडे. ते महात्मा जोतिराव फुले यांचे सहकारी व 'दीनबंधु' पत्राचे संपादक होते. १८८४ साली त्यांनी मजुरांची सभा भरवून सुमारे ५,५०० जणांच्या सह्यांचा अर्ज केला, आणि १८९० साली सुमारे १०,००० मजुरांच्या सभेनंतर जून महिन्यात गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. १८९७ साली प्लेगच्या साथीत लोखंडे यांचा अंत झाला. आपण रविवारी उपासनेस जातो तेव्हा तो दिवस जणू आपोआपच मोकळा असतो असे आपणांस वाटते. मुंबईच्या मजुरास तो दिवस आपोआप मिळाला नाही. आपल्या मंडळीबाहेरच्या एका सत्यशोधकाने तो मागून घेतला, हे आपण कृतज्ञतेने आठवावे.

येथे पारावरचे वृद्ध विचारतील की, जुन्यात मग काहीच चांगले नव्हते काय? होते, आणि ते नाकारणे अन्यायाचे होईल. इंग्लंडचे मजूर आठवड्यास थोडी पेनी जमवून परस्परसाह्य मंडळ्या चालवीत. कोणी आजारी पडला तर त्यास त्या निधीतून पैसे मिळत, व मेला तर त्याची माती सन्मानाने होई. बाळंतिणीच्या घरी शेजारीण स्वयंपाक करून देई. एकाच नळावर सारी गल्ली जमत असल्याने कोणाच्या घरी चूल पेटली नाही हे सर्वांस कळे. आज त्याच देशात घरोघर नळ आहे, धुण्याचे यंत्र आहे, आणि शेजारचा वृद्ध चार दिवस दार उघडत नाही हे कधी कधी कोणास ठाऊकही नसते. श्रम गेले ते बरेच झाले. पण श्रमांनी जी माणसे एकत्र येत, त्यांनी आता श्रमांवाचून एकत्र येण्यास शिकले पाहिजे. वृद्धांच्या बोलण्यातील सत्य हे इतके आहे. त्याकरिता नळ काढून टाकावा व हंडा परत आणावा, असे मात्र जिने हंडा वाहिला आहे ती बाई कधीही म्हणणार नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. शहरांतील गटारे व मैल्याच्या टाक्या साफ करण्यास आज यंत्रे आहेत. आपल्या देशात हाताने मैला साफ करविण्यास १९९३ च्या कायद्याने मनाई झाली, आणि २०१३ साली अधिक कडक कायदा झाला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येक माणसाच्या कुटुंबास १० लाख रुपये द्यावे. आणि २०२३ साली ती रक्कम ३० लाख करण्यात आली. तरीही माणसे दोर बांधून खाली उतरविली जातात, आणि विषारी वायूने गुदमरून मरतात. एक बेशुद्ध पडतो, त्याला काढण्यास दुसरा उतरतो, आणि दोघेही परत येत नाहीत. हे काम बहुधा कोणत्या जातींच्या वाट्याला येते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. त्यांतील पुष्कळांचे आजे-पणजे याच अन्यायातून सुटण्यासाठी धडपडले.

वाचकहो, धुराड्याची गोष्ट आम्ही इतक्या विस्ताराने का सांगितली, हे आता ध्यानात आले असेल. तेथे ब्रश होता, येथे यंत्र आहे. तेथे १८४० चा कायदा होता, येथे २०१३ चा आहे. तेथे मूल स्वस्त पडे, येथे माणूस स्वस्त पडतो. तेथील गृहस्थास धुराड्यातले मूल दिसत नसे, आणि येथील गृहस्थ टाकी साफ करविण्यासाठी ठेकेदारास पैसे देतो, पावती घेतो व आत जातो. खाली कोण उतरले हे विचारण्याचे त्यास कारण वाटत नाही. पुढे शंभर वर्षांनी कोणी आपल्याविषयी लिहावयास बसला, तर आपल्या प्रार्थना व आपली दानधर्माची पुस्तके पाहून तो आपणांस दुष्ट म्हणणार नाही. पण तो हे मात्र विचारील की, या चांगल्या माणसांनी मान का वळविली नाही?

म्हणून दिवस बरे की वाईट, या प्रश्नाचे आमचे उत्तर असे आहे. आपले दिवस पुष्कळ बरे आहेत, आणि ते बरे केले ते मागल्या पिढ्यांतील थोड्या हट्टी माणसांनी. त्यांनी घरोघर जाऊन विचारले, जबान्या लिहून घेतल्या, अर्जांवर सह्या घेतल्या, आणि फेटाळलेले बिल पुन्हा पुन्हा पुढे आणले. या सुखात आपली स्वतःची कमाई थोडी आहे, यास्तव त्याचा गर्व न करता ते ऋण समजावे. आणि हे ऋण फेडावयाचे तर ते मागे जाऊन फेडता येत नाही; ज्याच्यापर्यंत अद्याप ते सुख पोहोचले नाही त्याला देऊनच ते फिटते.

गावच्या मंडळीने यासाठी फार दूर पाहण्याची गरज नाही. आपल्या गावच्या शाळेची व दवाखान्याची टाकी कोण साफ करितो, व यंत्र मागविले जाते काय, हे पंचायतीत विचारावे. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची मुले त्या महिन्यांत कोणत्या शाळेत बसतात, की फडावरच राहतात, हे पाहावे. उन्हाळ्यात टँकरचे पाणी वाटले जाते तेव्हा कोणत्या वस्तीस ते शेवटी मिळते, हे मोजून लिहून ठेवावे. ही कामे लहान आहेत, आणि ती करताना कोणी आपली स्तुती करील असेही नाही. डॉक्टर स्नो ब्रॉड स्ट्रीटवर घरोघर दार ठोठावीत फिरले, तेव्हा त्यांचीही कोणी मिरवणूक काढली नव्हती. त्यांनी फक्त विचारले की, तुमच्या घरी कोण मेले आणि तुम्ही पाणी कोठून आणता. आपणही आपल्या गल्लीत तितके विचारण्यास आरंभ करावा.